इंग्रजीत दोन वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडावीत का?

मुद्रितशोधक: 'अर्थ कळला म्हणजे झाले, स्वल्पविराम कुठेही चालतो,' असा सल्ला देणारे लेखन काल वाचले आणि सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही. पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड', 'बट', 'सो' यांच्याआधी स्वल्पविराम असे मार्ग उपलब्ध असताना दोन प्रधान वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने का चिकटवावीत? 'द टेस्ट फेल्ड, हाउएव्हर, वुई शिप्ड द सॅम्पल' यातले 'हाउएव्हर' मागच्या वाक्याचे की पुढच्या, हे ठरवायला वाचकाला मागे फिरावे लागते. 'फेल्ड'पुढे अर्धविराम दिला की प्रश्नच उरत नाही.

सरळरेषा: तो सल्ला माझाच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. 'आय केम, आय सॉ, आय काँकर्ड' यात तुम्ही अर्धविराम घालणार का?

मुद्रितशोधक: आखूड आणि एकाच घडणीच्या वाक्यांना ती सवलत व्याकरणकारच देतात. अपवाद दाखवून नियम मोडीत निघत नाही.

कायदेपंडित: विरामचिन्हांना क्षुल्लक समजणाऱ्यांनी अमेरिकेतील मेन राज्याचा खटला वाचावा. तेथील ओव्हरटाइमच्या कायद्यात यादीतल्या शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम नव्हता, म्हणून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

सरळरेषा: तो स्वल्पविराम यादीतला होता. इथे त्याचा काय संबंध?

कायदेपंडित: संबंध असा की नंतर विधिमंडळाने त्या यादीत स्वल्पविराम काढून अर्धविराम घातले. 'अर्थ कळतोच' हे तुमचे गृहीतक तिथे न्यायालयातही टिकले नाही.

सरळरेषा: कायद्याचा मसुदा आणि कथेतला संवाद यांना एकच माप लावणे हा निव्वळ हट्ट आहे. माझ्या कथेत घाबरलेली मुलगी धापा टाकत बोलते; संपादकांनी तिच्या प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम घातला आणि तिची सगळी घाई मारून टाकली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मुद्रितशोधक: संवादापुरते तुमचे म्हणणे मान्य करतो, तेही लेखकाने ते जाणूनबुजून केले असेल तरच. परंतु माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अहवालांत कोणीही धापा टाकत नसते आणि तुमचा सल्ला तर सरसकट होता.

सरळरेषा: ठीक आहे, अहवालांपुरता तो मागे घेतो. कथेतल्या स्वल्पविरामांना मात्र हात लावू देणार नाही.