शब्दचर्चा: ब्लॉक मॉडेलचा 'ताळा' की 'पडताळणी'?

सडेकरीण: दापोली-मंडणगडच्या सड्यांवरच्या (सपाट कातळमाथ्यांवरच्या) बॉक्साइटचा अहवाल मराठीत करतेय. ब्लॉक मॉडेल (साठ्याचे ठोकळे पाडून प्रत्येकाची प्रत अंदाजाने मांडलेलं चित्र) बोअरहोलच्या नमुन्यांशी ताडून बघतात त्याला काय म्हणायचं? मसुद्यात 'प्रमाणीकरण' आहे. कोणीतरी शिक्का मारून दिल्यासारखं वाटतं.

जांभा: 'प्रमाणीकरण' काढाच, इथे कोणी दाखला देत नाही. 'पडताळणी' चालेल, पण मला गणितातला 'ताळा' जास्त आवडतो. उत्तर आलं, आता ते बरोबर आहे का बघा. सगळ्या ब्लॉकमधल्या अ‍ॅल्युमिनाची (बॉक्साइटमधल्या कामाच्या घटकाची) सरासरी एका बाजूला, कंपोझिटची (भोकातले नमुने सारख्या लांबीचे करून घेतात, त्यांची) दुसऱ्या बाजूला. फरक 5 टक्क्यांच्या आत असला की पुढे.

मोजणीदार: एवढ्यावर पुढे गेलात तर फसाल. माल चांगला लागतो तिथेच भोकं दाट मारलेली असतात. समजा, सड्याच्या मध्यावर 25 मीटरवर आणि कडेला 100 मीटरवर. नुसती सरासरी 46 टक्के आली, तरी ती दाट भागाकडे झुकलेली. आधी डिक्लस्टरिंग करा: सड्यावर साधारण 100 मीटरच्या (म्हणजे विरळ भागातल्या अंतराएवढ्या) चौकटी आखा, नमुने असलेल्या प्रत्येक चौकटीला सारखा भार द्या आणि तो आतल्या नमुन्यांत वाटा. सरासरी 43 वर उतरली, तर मॉडेलची तुलना 43 शी. मॉडेलही 46 दाखवत असेल तर जुळलं म्हणून खूश होऊ नका, गडबड तिथेच आहे.

शब्दाचं म्हणाल तर मी 'दाटीचा भार काढणे' लिहितो. कोशातल्यासारखं 'विगुच्छन' कोणाला कळणार?

सडेकरीण: मग 'ताळा' ठेवू?

मोजणीदार: सरासरीपुरता ठेवा. गणितातला ताळा तंतोतंत जुळावा लागतो, इथे मूल्यांचा पसारा जुळताच कामा नये. नमुना म्हणजे मीटरभर गाभा (भोकातून काढलेली दगडाची कांडी), ब्लॉक म्हणजे 25 × 25 × 3 मीटर, 1,875 घनमीटर. एवढ्या आकारात टोकाची मूल्यं एकमेकांना खातात, म्हणून ब्लॉकचा हिस्टोग्राम नमुन्यांपेक्षा अरुंदच हवा. दोन्ही सारखे दिसले तर बहुधा सगळ्यात जवळच्या एकाच नमुन्याचं मूल्य ब्लॉकला चिकटवलंय. गरजेपेक्षा जास्त अरुंद असेल तर शोधकक्षा (ब्लॉकसाठी नमुने किती लांबून घ्यायचे ते अंतर) मोठी किंवा नमुने फार घेतलेत. कटऑफ (ज्याच्या खालचा माल धरत नाहीत ती प्रत) सरासरीच्या खाली असेल तर त्यामुळे कटऑफवरचे टन फुगतात आणि प्रत उतरते. कटऑफ सरासरीच्या वर असेल तर टनच कमी दिसतात.

जांभा: पटलं. मथळा 'पडताळणी', त्याखाली 'सरासरीचा ताळा'. 'ताळमेळ' मात्र इथे वापरू नका. खाणीतून प्रत्यक्ष निघालेला माल मॉडेलशी जुळवून बघतात, त्यासाठी तो राखून ठेवा.

गाभापेटी: 'स्वाथ प्लॉट'ला (साठ्याचे पट्टे पाडून प्रत्येकातली ब्लॉकची आणि नमुन्यांची सरासरी शेजारी मांडतात, त्याला) 'पट्टा-आलेख' छान बसतो. पट्टा ब्लॉकच्या रुंदीच्या पटीत घ्या. विरळ भागात 100 मीटर तरी हवा, नाहीतर पट्ट्यात भोकच सापडत नाही. ब्लॉकची रेषा नमुन्यांच्या रेषेमागोमाग जावी, चढउतार कमी. खाली नमुन्यांची संख्या दाखवाच. चारच नमुने असताना रेषा फाकल्या तर फार मनावर घेऊ नका, शंभर असताना फाकल्या तर कारण शोधा.

उंचीचे पट्टे मात्र दगा देतात. थर सड्याच्या उताराबरोबर उतरत असतो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने आडवे पट्टे कापलेत तर एकीकडचा माथा आणि दुसरीकडचा तळ एकाच पट्ट्यात येतो. थराच्या माथ्यापासूनची खोली घ्या.

सडेकरीण: तसं केलं तर तळच्या ब्लॉकमध्ये सिलिका नमुन्यांपेक्षा जास्त येतेय.

गाभापेटी: खालची चिकणमाती वर घुसतेय. बॉक्साइटच्या ब्लॉकला मातीतले नमुने मिळू नयेत, म्हणजे हद्द 'बंद' हवी. ती असूनही सिलिका चढत असेल तर कंपोझिट बघा: हद्दीवर तोडले नसतील तर अर्धा मीटर बॉक्साइट आणि अर्धा मीटर माती एकाच नमुन्यात गेलीय. छेद काढून भोकं आणि ब्लॉक एकाच रंगपट्टीत लावा, डोळ्यांना लगेच दिसेल. खरं तर हे काम सरासरीच्याही आधीचं. तेव्हाच रिकाम्या जागाही तपासा. सच्छिद्र थरात गाभा हाती लागत नाही, तिथे विश्लेषणाच्या रकान्यात 0 किंवा -99 पडलेलं असतं आणि सॉफ्टवेअर ते खरं मूल्य समजतं.

जांभा: आणि 'कंपोझिट'ला 'मिश्र नमुना' नको. प्रयोगशाळेत पावडर कालवल्यासारखं वाटतं. 'समलांबी नमुना' म्हणा, काम तेवढंच आहे.

सडेकरीण: 'क्रॉस-व्हॅलिडेशन' पण पडताळणीतच घालू ना?

मोजणीदार: वेगळ्या प्रकरणात घाला, 'एक वगळून तपासणी' म्हणून. एकेक नमुना बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज काढायचा. त्यातून व्हेरिओग्राम (अंतराबरोबर नमुन्यांतला फरक कसा वाढतो ते दाखवणारा आलेख) आणि शोधकक्षा कशा निवडल्यात ते कळतं. ब्लॉकला शेवटी कोणतं मूल्य मिळालं, हे त्यात तपासलंच जात नाही.