वास्को-मडगाव फील्ड: मनाच्या त्रासाचं स्क्रीनिंग कसं करायचं?

आउटरिच_वास्को: धंदा करणाऱ्या बायकांसोबतचा प्रकल्प आहे. आमच्या फॉर्मवर कंडोम, एचआयव्ही, टीबी सगळं आहे; मनासाठी एक रकाना नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं गरम होतं, अशा तक्रारी रोजच्या. लॉजबाहेर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय विचारावं? आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं तर पोलिसांपर्यंत नाव जातं का?

समुपदेशक_म्हापसा: लॉजबाहेर पीएचक्यू-9 चा (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) अख्खा कागद काढू नका. पहिले दोनच प्रश्न घ्या: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही? किती दिवस मन उदास होतं? प्रत्येकी 0 ते 3 गुण. बेरीज 3 किंवा जास्त असेल तर बाकीचे सात ड्रॉप-इन सेंटरवर (प्रकल्पाचं केंद्र), दार लावून. एकूण 27 पैकी 10 किंवा वर गेले की डॉक्टर.

मरणाच्या विचारांचा नववा प्रश्न मात्र बेरजेत बुडवायचा नाही. पहिल्या दोनात शून्य आलं तरी तो विचारा, आणि सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. 'हो' आलं तर लगेच पुढचं: कसं करायचं ते ठरलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का? ठरलेलं असेल तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी आयपीएचबी, म्हणजे बांबोळीचं मनोरुग्णालय.

फॉर्मवर नसलेला मोठा प्रश्न म्हणजे मारतं कोण. आपण गिऱ्हाईक आणि पोलीस एवढ्यावरच थांबतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या पाहणीत 326 जणींपैकी 19 टक्के जणींनी मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं. जोडीदाराची मारहाण, इतरांची मारहाण, अडकून पडल्याची भावना, यांच्याशी ते प्रयत्न जोडलेले होते. कायमच्या गिऱ्हाइकांशीसुद्धा! तेव्हा 'ओळखीचा आहे, काळजी नाही' हे ऐकून पुढे सरकू नका. एचआयव्ही प्रतिबंध सेवेशी जोडलेल्या बायकांत प्रयत्न कमी दिसले, म्हणून तुमची फेरी चुकता कामा नये. 2004 मध्ये वास्कोची बायणा ही धंद्याची वस्ती पाडल्यावर धंदा लॉज, भाड्याच्या खोल्या आणि मोबाइलवर विखुरला. शेजारणीने दार ठोठावण्याची सोय तिथे राहिली नाही.

मेडिकल_फोंडा: 'झोप येत नाही' म्हटल्यावर पर्समधली स्ट्रिप बघायला मागा. बहुतेकदा अल्प्राझोलाम असतं, म्हणजे चिंता कमी करणारी गुंगीची गोळी, चिठ्ठीशिवाय मिळवलेली. त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावतो, आणि गुंगीत कंडोमचा आग्रहही सुटतो. मात्र रोज घेणारीला 'आजपासून बंद' सांगू नका. अचानक तोडल्यास झटके येऊ शकतात, डोस डॉक्टरच उतरवतील. रोज भरपूर दारू पिणारीचंही तेच.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या कचऱ्यात. जिला मरणाचे विचार येतात तिला महिन्याचा साठा एकदम देऊ नका, आठवड्याचाच. आणि कुणी जास्त गोळ्या घेतल्याच, तर ती ठीक दिसत असली तरी रिकाम्या स्ट्रिपसकट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टी. यकृताला झालेली इजा कधीकधी दोन-तीन दिवसांनी कळते. उलटी करवू नका.

वकील_पणजी: ओपीडीत धंदा सांगायची सक्ती नाही. सांगितला तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं. त्याच कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम 309 तर भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. कॅज्युअल्टीत वैद्यकीय-कायदेशीर नोंद होऊ शकते आणि पोलीस जबाबाला येऊ शकतात, हे तिला आधीच सांगा. नाहीतर खाकी दिसताच ती उपचार सोडून निघून जाईल.

आउटरिच_वास्को: आमच्याकडे कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ. दुभाषी म्हणून घरवाली (धंद्याची जागा चालवणारी बाई) येते म्हणते.

समुपदेशक_म्हापसा: घरवाली नको, 'मालक' (तिचा कायमचा जोडीदार) तर अजिबात नको, त्यांच्यासमोर नवव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'च येणार. तिच्याच भाषेची पीअर (धंद्यातलीच, प्रकल्पासोबत काम करणारी बाई) घ्या, तीही त्या खोलीत न राहणारी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर भाषा निवडता येते, चोवीस तास, फुकट. फोन मात्र तिच्या मोबाइलवरून लावू नका, कॉलची यादी तपासणारे असतात.