बहिणीच्या अर्जावर भावाने किती विसंबावे?

नितीन, ए-५०४:
सर्वांना नमस्कार. माझी थोरली बहीण न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. गेल्या महिन्यात तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले असून मला, पत्नीला आणि नऊ वर्षांच्या मुलीला कायमचे तिकडे नेण्यासाठी ती अर्ज करू इच्छिते. अंधेरीतील एक एजंट पाच लाखांत, दोन वर्षांच्या आत काम करून देतो म्हणतो. कोणाला अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

सावंत काका, बी-१२०२:
नितीन, एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. भावंडांसाठीचा आय-१३० अर्ज तुझ्या ताईनेच भरायचा असतो, ऑनलाइन भरल्यास त्याचे शुल्क ६२५ डॉलर आहे आणि वर कितीही पैसे मोजले तरी तो लवकर निघत नाही. अर्ज मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असेही नाही, कारण भावंडांच्या एफ-४ गटात साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा असतात, त्यांत बायकामुलेही मोजली जातात आणि वर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. २०२५ साली भारतातील ज्यांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २००६ सालचे होते.

आमचेच सांगतो. माझ्या भावाने फेब्रुवारी २००५ मध्ये अर्ज भरला तेव्हा आमचे चिरंजीव दहा वर्षांचे होते. बीकेसीतील वकिलातीत मुलाखतीला बोलावल्याचे पत्र २०२२ मध्ये आले, तोवर ते सत्तावीस वर्षांचे झाले होते. मुलांना एकवीस वर्षांपर्यंतच आईवडिलांबरोबर जाता येते. अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून असेल तेवढा वयातून वजा होतो, पण मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. आम्ही दोघे जाऊ शकलो असतो. हिने ते पत्र देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले, ते अजून तिथेच आहे. तरीही ताईला अर्ज भरू दे, कारण रांगेतली जागा भरलेल्या तारखेपासूनच धरली जाते. फक्त मुलीच्या शिक्षणाचा बेत त्यावर आखू नकोस.

अनघा, सी-३०१:
काकांच्या म्हणण्यात एक भर घालते. अर्ज भरल्यावर ताईंकडे नुसते फिरायला जायचे झाले तरी पर्यटक व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. त्यावरून व्हिसा आपोआप नाकारला जात नाही, पण आपण परत येणार हे अधिकाऱ्याला पटवून देणे अवघड होते.

दुसरे म्हणजे कॅनडाचा विचार स्वतंत्रपणे करावा. तिथे सज्ञान भावंडाला एरवी थेट बोलावून घेता येत नाही. मात्र एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवर निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, तुमचे किंवा सोबत येणाऱ्या जोडीदाराचे सख्खे भावंड तिथे नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असेल, तर पंधरा गुण मिळतात. अमेरिकेतील बहिणीचा तिथे काही उपयोग नाही. शिवाय वयाचे गुण तिशीपासून घटत जाऊन पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात, तेव्हा ही वाट धरायची असेल तर आत्ताच धरावी.

देशपांडे काकू, ए-२०३:
नितीन, तुझ्या आणि ताईच्या जन्मदाखल्यांवर आईचे नाव एकसारखे आहे का ते आधी पाहा. आमच्याकडे थोरल्याच्या दाखल्यावर सासूबाईंचे माहेरचे ‘कुसुम’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर सासरचे ‘सुनंदा’ असे होते. या दोन्ही एकच बाई, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला कसे कळावे? प्रतिज्ञापत्र करण्यात आणि वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालण्यात आमचे चार महिने गेले.

नितीन, ए-५०४:
सर्वांचे मनापासून आभार. एजंटाला नकार कळवला आहे. सौ.चा सख्खा भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला पीआर आहे, हे लिहायचे राहून गेले होते. आज त्याच्याशी बोलतो. काकू, दाखले आत्ताच काढून पाहिले. ताईच्या दाखल्यावर ‘शालिनी’ आहे आणि माझ्या दाखल्यावर ‘माधुरी’. आईबाबांची लग्नपत्रिका घरात आहे, ती चालेल का?

देशपांडे काकू, ए-२०३:
पत्रिका जोडायला हरकत नाही, पण तिच्यावर माहेरचेच नाव असणार. लग्नाची नोंद झालेली असल्यास तो दाखला काढ, आणि आईच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावे पूर्ण लिहून घे.