सेलम पोलिसांच्या बाहीवरची चेटकीण: राहावी की जावी?

शमीपत्र:
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं सेलम हे लहानसं शहर. तिथल्या पोलिसांच्या बाहीवरच्या पॅचवर झाडूवर बसून उडणारी चेटकीण आहे. सोबत १६२६ हे वसाहतीचं साल आणि 'विच सिटी', म्हणजे चेटकिणींचं शहर, हे टोपणनाव. याच सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला तर अंगावर दगड रचून चिरडलं. यातल्या कुणीही चेटूक केलेलं नव्हतं. मग तोच खोटा आळ पोलिसांनी बाहीवर का मिरवायचा? पॅच बदलायलाच हवा.

दर्यावर्दी:
नाही पटत. ही चेटकीण १८९०च्या दशकापासून गावाची ओळख आहे. डॅनियल लो या जवाहिऱ्याने तिचं चित्र असलेले चांदीचे चमचे विकले, तिथून हे वाढलं. शाळेच्या संघाचं नावही 'विचेस'. ऑक्टोबरात हॅलोविनसाठी येणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीवर कितीतरी घरं चालतात. आणि बळींना गाव विसरलेलं नाही. १९९२च्या स्मारकात एकेका दगडी बाकावर एकेकाचं नाव कोरलंय.

शमीपत्र:
बाकावर नाव, बाहीवर मात्र टोपी आणि झाडू! रिबेका नर्स ७१ वर्षांची होती, आजारी, कानांनी अधू. तिचा त्या झाडूशी काय संबंध? शेवटच्या दोषी बाईचं, एलिझाबेथ जॉन्सनचं, नाव निर्दोष ठरायला २०२२ उजाडलं.

सातपुड्याची लेक:
मी नंदुरबारकडची. आमच्याकडे अजून बाईला डाकीण ठरवतात, मारतात, गावाबाहेर काढतात. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो वापरायचा तर त्या बाईला आधी ठाण्याची पायरी चढावी लागते. समोरच्या हवालदाराच्या बाहीवर डाकिणीचं चित्र असतं, तर ती तोंड उघडती का?

दर्यावर्दी:
ताई, हे जिव्हारी लागलं. तुमच्याकडे असं चित्र कधीच नको. पण सेलममध्ये आज तो शब्द शिवी उरलेला नाही. स्वतःला उघडपणे विच म्हणवणारी माणसं तिथे सुखाने राहतात. ज्या शब्दासाठी लोक मेले, तो आता त्याच गावात कुणाला घाबरवत नाही, हे मला मोलाचं वाटतं.

शमीपत्र:
ते मलाही मोलाचं वाटतं, पण ते त्या माणसांनी कमावलंय, पोलिसांनी नव्हे. १६९२मध्ये आरोपींना पकडून आणणारे कॉन्स्टेबलच होते. त्यांच्यातल्या जॉन विलर्डने पुढे कुणाला अटक करायला नकार दिला, असं सांगतात. मग त्याच्यावरच आळ आला आणि १९ ऑगस्टला तोही फासावर गेला. सेलमच्या पोलिसांना बाहीवर १६९२ची आठवण हवीच असेल, तर त्याचं नाव शिवून घ्यावं.