ग्रीक वाइनचा जग (ओइनोखोए) करायचाय, तीन पाकळ्यांचं तोंड आणि काळा रंग कसा जमवायचा?

नेरुळची_माती
नमस्कार मंडळी, मी वाशीला पॉटरी क्लासला जाते, जानेवारीत आमच्या बॅचचं प्रदर्शन आहे आणि मला जुन्या ग्रीकांचा वाइन ओतायचा जग करायचाय. एकच कान, फुगीर पोट आणि तोंड बेलाच्या पानासारखं, फोटो बघून अक्षरशः वेड लागलंय. ते तोंड तसं का, नुसती शोभा की त्याचं काही काम होतं? आणि तो काळा चकचकीत रंग ग्लेझ (काचेसारखा लेप) नाहीये म्हणतात, मग आहे काय? माती टेराकोटा, भट्टी इलेक्ट्रिक.

घोडबंदर_चाक
ताई, पूर्ण कामाचं तोंड आहे ते. काठ ओला असतानाच दोन्ही बाजूंनी बोटांनी आत दाबायचा की पुढची पाकळी आपोआप चोच होते आणि धार बारीक पडते. आता त्यांचे प्यायचे कप बघा, कायलिक्स, पसरट, उथळ, खाली दांडी, आणि पिणारे डाव्या कोपरावर रेलून आडवे, तिथे उभ्या पोऱ्याने जाड धार सोडली तर सगळं अंगावर. काठ फार पातळ ओढू नका, दाबताना चिरतो. कान माती लेदर हार्ड (अर्धवट सुकून कडक) झाल्यावर लावा आणि तोंडाच्या वर चढवा, बऱ्याच जुन्या जगांचा तसाच आहे, भांड्यात बुडवून काढायला मस्त.

कळव्याचा_वाचक
जग एकटा ठेवू नका प्लीज, शेजारी क्रेटर हवाच. ग्रीक लोक वाइन तशीच पीत नसत, क्रेटर या मोठ्या रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी मिसळायचे, जुना ग्रीक कवी हेसिअड तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन सांगतो, आणि मग त्यातून जगाने वाढायचं. बिनपाण्याची पिणं रानटीपणाचं समजत, स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस सिथियन या भटक्या लोकांच्या नादाने तशी प्यायला लागला म्हणून वेडा झाला असं स्पार्टन लोक म्हणत, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. थंड करायला सिक्टर होता, वर फुगलेलं पोट आणि खाली पोकळ उंच बूड, तो क्रेटरमध्ये उभा करत.
आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो, अथेन्सला अँथेस्टेरिया सणाच्या दुसऱ्या दिवशी मोठी माणसं आपापला जग घेऊन प्यायला बसत, एक खूस म्हणजे साधारण सव्वातीन लिटर, आणि तीनेक वर्षांच्या पोरांनाही छोटुसे जग मिळत. त्यावर चित्रं पोरांचीच, कोणी रांगतंय, कोणी खेळण्यातली गाडी ओढतंय. असा छोटा जग केलात तर प्रदर्शनात लोक तिथेच थांबतील.

भट्टीवाली_ठाणे
काळ्याचं मी सांगते. तो लेप म्हणजे मातीच. लोह असलेली माती पाण्यात ढवळून ठेवायची, जड कण खाली बसले की वरचा अगदी बारीक भाग घ्यायचा आणि कच्च्या भांड्यावर लावायचा. मग एकाच भाजणीत तीन टप्पे, आधी हवा मोकळी, सगळं लाल. मग हवा बंद करून ओलं लाकूड टाकायचं, धूर कोंडतो, 900 डिग्रीच्या वर सगळं काळं पडतं आणि लेप वितळल्यासारखा घट्ट होतो. शेवटी परत हवा, उघडी माती छिद्राळ असते म्हणून पुन्हा लाल होते, घट्ट झालेल्या लेपात हवा शिरत नाही म्हणून तो काळाच राहतो. म्हणजे लाल आणि काळं दोन्ही त्याच मातीचं, सगळी करामत हवेची. इ.स.पू. 530 च्या सुमारास अथेन्सच्या कारागिरांनी आधीच्या काळ्या आकृत्यांचं उलटं केलं, आकृती लाल सोडून भोवती काळं भरलं.
पण इलेक्ट्रिक भट्टीत धूर करू नका, कॉइलची वाट लागते. तिथे काळा स्टेन (रंगद्रव्य) घातलेलं टेरा सिजिलाटा, म्हणजे अगदी बारीक मातीचा पातळ लेप, लावून मऊ कापडाने घासा, चमक येते. त्यात वाइन मात्र भरू नका, झिरपेल.

घारापुरी_प्रेमी
नेरुळवाल्या ताई, समोरच्या घारापुरीवर अँफोराचे तुकडे सापडलेत, नंतरच्या रोमन व्यापारातले. ती वाढायची नाहीत, जहाजातून माल आणायची भांडी, पण त्यातून वाइनही येत असे.

नेरुळची_माती
किती सांगितलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! छोटा जग पक्का, क्रेटरही करते. @भट्टीवाली_ठाणे ताई, ओळखीत गॅस भट्टी मिळाली तर खरे तीन टप्पे करून बघू का?

भट्टीवाली_ठाणे
नक्की बघा, पण आधी त्याच मातीच्या चार-पाच टेस्ट टाइल टाका, लेप पातळ आणि जाड दोन्ही लावून. पातळ राहिला तर शेवटच्या हवेत तोही लाल होतो.