मदत हवी आहे: मूडबोर्ड भरला, पण डिझाईन काही सुचेना

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय (विषयही धाग्यादोऱ्याचाच आहे, सांभाळून घ्या).

टेक्स्टाईल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनलला सहा प्रिंट्सचं कलेक्शन करायचंय, विषय आपला आपण निवडायचा होता आणि मी मोठ्या हौसेने 'फॅशन आणि समकालीन कला' घेऊन बसले. तीन आठवडे झाले, पिंटरेस्टवर चारशेच्या वर पिना जमल्यात, रॅम्पवरचे फोटो, इन्स्टॉलेशन्स, काय नाही ते, भिंतीवर तर जागाच उरली नाहीये. पण कोरा कागद पुढे घेतला की हात चालत नाही, आणि चालला तर अजून वाईट. कुसामा (ती ठिपक्यांसाठी प्रसिद्ध जपानी चित्रकार) बघून ठिपके काढले तर ते कुसामाचेच ठिपके, फक्त माझ्या हातचे म्हणून वाकडे. घानाचा शिल्पकार एल अनात्सुई, त्याची ती बाटल्यांच्या झाकणांची भलीमोठी सोनेरी पडद्यासारखी कामं मला भयंकर आवडतात, म्हणून सोनेरी चौकोनी तुकडे शेजारी शेजारी मांडले, तर झाली बाथरूमची टाईल! गाईड म्हणाले छान आहे, पण यात तू कुठेयस? आता मी कुठेय हेच माहीत असतं तर इथे आले असते का.

तर प्रेरणा घेणं आणि ढापणं यात फरक कुठे करायचा, आणि इतकं बघून झाल्यावर कागदावर नक्की सुरुवात कशी करता तुम्ही लोक? सबमिशनला दीड महिना आहे.

जुनी_सुई: अगं रडू नकोस, सगळे यातून गेलेत. एक जुना किस्सा सांगते. १९६५ साली न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये ऑप आर्टचं (नजरेला चकवणाऱ्या रेघा-आकारांच्या चित्रांचं) मोठं प्रदर्शन होतं, त्यात ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीची चित्रं होती. ती पोचते तर काय, तिच्या चित्राचं डिझाईन छापलेले ड्रेस दुकानांच्या काचेत लागलेले, तिला कुणी विचारलंही नव्हतं. प्रचंड भडकली होती ती. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर इव्ह सॅं लोराँने मॉन्ड्रियान या चित्रकाराच्या काळ्या रेघा नि रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून ते प्रसिद्ध ड्रेस केले. आता मॉन्ड्रियान १९४४ लाच गेलेला, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता म्हणा. पण सॅं लोराँने चित्र छापलं नाही. जर्सी कापडाचा एकेक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडला आणि अंगाच्या आकारासाठी जे टक्स घ्यावे लागतात ते सगळे त्या चौकटीच्या शिवणींत लपवले. समोरून बघितलं तर सपाट चित्र, आत बाई नीट बसलेली. फरक मला इथे दिसतो, त्याने त्या रेघांना शिवणीचं काम दिलं.

भोचक_भवानी: एआयला सांगा, सहा काय साठ प्रिंट काढून देईल.

जुनी_सुई: भवानीबाई, गाईडनी 'तू कुठेयस' विचारलंय, 'एआय कुठेय' नाही.

उभा_आडवा: मी विणकामवाला, प्रिंटमधलं फार कळत नाही, तरी माझे दोन पैसे. तू चित्रात काय *दिसतंय* ते उचलतेयस, चित्रकाराने काय *केलंय* ते बघ. अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपतो, दुमडतो, भोकं पाडून तांब्याच्या तारेने बांधतो, आणि ते टांगायचं कसं हे ठरलेलं नसतं, दर ठिकाणी नव्या चुण्या पडतात. मग त्यातलं सोनेरी सोड ना! चेपणं, बांधणं, लोंबणं, अशी क्रियापदं लिही कागदावर. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाकेचंही तेच, लोक आधी चुण्या पाडून मग कपडा शिवायचे, त्याने दोन-तीन पट मोठा कपडा आधी शिवला आणि चुण्या नंतर पाडल्या. नुसता क्रम उलटा केला की हो! अ‍ॅनी अल्बर्स ही विणकर कलाकार तर टाईपरायटरवर अक्षरं नि चिन्हं ठोकून विणीसारखे पोत काढून बघायची. महिनाभर पिंटरेस्ट बंद कर. एकच काम निवड, फोटो उलटा ठेव आणि आठवेल तेवढंच काढ. जे आठवत नाही ते तुझं नव्हतंच.

जुनी_सुई: उभा_आडवा +१. आणि हो, चित्रातून कापडात असाच प्रवास लागतो असं कुणी सांगितलं? चित्रकार सोनिया डेलोनेने १९११ साली बाळासाठी तुकड्यातुकड्यांची गोधडी शिवली, ती बघताना तिला क्युबिझम (वस्तू तुकड्यातुकड्यांत मोडून रंगवायची शैली) आठवला आणि मग ते तिच्या चित्रांत शिरलं. तुझ्या चिंध्यांची पिशवी असेलच की कुठेतरी.

रंगारी_६४: कन्सेप्ट वगैरे ठीक आहे, पण कुणी रिपीटचं, म्हणजे कापडावर डिझाईन पुन्हा पुन्हा कसं येतं त्याचं, बोलतच नाहीये. रोटरी स्क्रीनचा (छपाईच्या गोल फिरणाऱ्या जाळीदार नळकांड्याचा) घेर साधारण ६४ सेंमी असतो, म्हणजे उभा रिपीट ६४, ३२, १६ असा भागात बसायला लागतो. डिजिटल प्रिंट करणार असशील तर सुटलीस. पण तुझी टाईल होण्याचं कारण मला वेगळंच वाटतंय, सरळ ब्लॉक रिपीट (फरशीसारखं एकाशेजारी एक) लावलायस ना? हाफ ड्रॉप लावून बघ, शेजारची रांग अर्धी खाली सरकव. प्रिंट काढून भिंतीवर चिकटव, दहा फूट लांब जा आणि डोळे बारीक करून बघ.

धागाकर्ती: सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, चार दिवस गायब होते कारण खरंच काम करत होते! 'लोंबणं' घेतलं. पार्सलचा खाकी कागद फाडून त्याचे बोटाएवढे तुकडे केले, चुरगळून परत सरळ केले आणि जाड दोऱ्याने एकमेकांना बांधले, मग ते सगळं खिडकीत टांगलं. वर दोऱ्याला ताण आणि खाली नुसतं पोट सुटलेलं. दुपारी त्याची सावली भिंतीवर पडली ती कागदापेक्षा भारी होती, गाठ होती तिथे गडद ठिपका आणि मधे फिकट फटी. तुकडे सोडून मी फक्त सावलीच काढली, एकाच शाईत, चपट्या ब्रशने. रूममेट म्हणाली माशाचे खवले आहेत, पण टाईल नाही म्हणाली!!

आता रंगारीदादा, हाफ ड्रॉप लावला तर लांबून तिरकी रेघ दिसतेय, डावीकडून उजवीकडे जिना उतरावा तशी. काय चुकतंय?

रंगारी_६४: चुकत काही नाही, हाफ ड्रॉपमध्ये तिरके जिने दिसतातच. तुझ्या मोटिफमध्ये (परत परत येणाऱ्या मूळ आकारात) एखादी गाठ बाकीच्यांपेक्षा काळी असणार, नजर तिलाच धरून पायऱ्या मोजते. एक तर तिला फिकी कर, नाहीतर तेवढीच काळी अजून एक-दोन दुसरीकडे टाक. रिपीटच्या आतच तोच मोटिफ दोनदा घेऊन एक उलटा फिरवलास तरी चालेल. आणि पुढच्या वेळी फोटो टाक, वर्णनावरून गाठी मोजायला लावू नकोस.

धागाकर्ती: गाठ सापडली. तीनच आहेत काळ्या, तिन्ही एकाच बाजूला. फोटो रात्री टाकते.