पद्मिनीचा टप कापून उघडी गाडी करता येईल का?

सातारची_पद्मिनी
नमस्कार मंडळी. आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे, इंजिन चालू आहे, कागद नूतनीकरण केलेले आहेत, पण टपाचा पत्रा मागच्या काचेच्या वर पार कुजलाय. डेंटर म्हणाला नवीन पत्रा मारण्यापेक्षा टपच कापून टाकू, कापडी हूड बसवू, लग्नाच्या वरातीला भारी दिसेल. ४० हजारात करून देतो म्हणतोय. मला आयडिया आवडलीय पण आईला अजिबात पटत नाहीये. कुणी केलंय का असं? गाडीला पुढे त्रास होतो का?

तेलकट_हात
दादा थांबा, आधी टप कापायला देऊ नका. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाहीये, बॉडी हीच चासी. फरशी, दाराखालचे सिल (दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यासारख्या पत्र्याच्या पट्ट्या), खांब आणि वरचा टप मिळून एक पेटी होते आणि त्या पेटीवर सगळा भार असतो. टप काढला की पेटीचं झाकण गेलं, मग गाडी मधोमध खाली बसते. त्यात पद्मिनीला चार दारं, मागच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर, आणि टप गेला की तो खांब वरून मोकळा उभा राहतो, दार उघडलं की खांबच ओढला जातो.

हे मी स्वतः बघितलंय. माझ्या मामांनी अशीच एक गाडी कापून घेतली होती. पहिल्याच वरातीत मागे चार जण बसले आणि पुढची दारं उघडेनात. दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले होते, दाराच्या फटीत वर पोस्टकार्ड जाईना आणि खाली माझं बोट आरामात जायचं. नवरदेव दारावरून चढून बाहेर आला. दोन महिन्यांनी पुढची काच कोपऱ्यातून तडकली कारण तिची चौकट धरायला वर काही उरलंच नव्हतं. मामांना फार वाईट वाटलं, ती गाडी नंतर उभीच राहिली.

नीट करायचंच म्हटलं तर कापायच्या आधी गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही, मग पुढच्या आणि मधल्या खांबामध्ये आतून पाइप वेल्ड करून दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, मग सिलच्या आत जाड पत्रा, फरशीखाली आडवे सपोर्ट, आणि हे सगळं झाल्यावर कटर. ४० हजारात यातलं काहीच होणार नाही. आणि सिल आधीच कुजलेले असतील तर मजबुती नक्की कशाला वेल्ड करणार?

पासिंगवाले_काका
कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. तुम्हाला दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, आरसीवर सलून (म्हणजे बंद टपाची गाडी) आणि समोर बिनटपाची गाडी, मग काय सांगणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, फी २० हजार, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज किंवा भाड्याने फिरवता येत नाही हे खरं, पण आजोबांच्या गाडीला तो मान आहे. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. तुमची २०२८ मध्ये ५० ची होते. आता टप कापलात तर तो रस्ताच बंद.

हेरल्डप्रेमी
उघड्या गाडीची इतकीच हौस असेल तर स्टँडर्ड हेरल्ड शोधा. मद्रासला १९६१ पासून बनायची, मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. तिला खाली स्वतंत्र चासी आहे आणि बॉडीचे भाग नटबोल्टने जोडलेले, टपसुद्धा बोल्टवरच. इंग्लंडमध्ये कंपनीनेच १९६० ला त्याच चासीवर उघडी हेरल्ड काढली आणि तिथे लोक अजूनही सलूनची कन्व्हर्टिबल (उघडी गाडी) करतात. तरी तिथेही नुसते बोल्ट काढून भागत नाही, मधल्या खांबाजवळ मजबुती द्यावीच लागते. दोन दारांचीच बघा, चार दारांची फक्त आपल्याकडे झाली. आपल्याकडे कलम ५२ तिलाही लागूच, पण गाडी मोडत तरी नाही.

सातारची_पद्मिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता खाली झोपून टॉर्च मारून बघितलं. डाव्या सिलला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला, लाल भुगा हातावर पडला. टप कापायचा नाही हे नक्की. काका, २०२८ चं आईला सांगितलं, ती म्हणाली आजोबा हयात असते तर स्वतः नंबर घ्यायला गेले असते. आता सिलचं काम आधी आणि मग टपाला नवीन पत्रा. सातारा-कराड भागात जुन्या फियाट-पद्मिनीचं सिलचं काम करणारा चांगला माणूस कुणाला माहीत असेल तर मेसेज करा.

तेलकट_हात
करतो मेसेज. सिलचं काम करताना पण दारांच्या फटी आधी मोजून ठेवा, आणि दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नका. एक बाजू पूर्ण वेल्ड झाली की मगच दुसरी.